मोबाईल काढून घेतला, तरी ती तशीच

(ऑगस्ट २०२१ मध्ये मला, एका समुपदेशकाला, आलेलं पत्र, थोडं कमी करून, आणि त्याला तेव्हाच दिलेलं उत्तर)

मॅडम, नमस्कार. आम्ही इचलकरंजीचे. मिस्टरांचे आठ माग आहेत, खर्चीवर चालवतो, म्हणजे व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीनं. वर आम्ही चौघं आणि सासूबाई, खालच्या खोल्यांत दीर-जाऊ आणि त्यांचा मुलगा. माझी मोठी मुलगी सोळाची, यंदा दहावी झाली. परीक्षा झालीच नाही, ७८ टक्के दिले, ती नव्वदची मुलगी होती. मे महिन्यापासून तिचं काहीतरी बिनसलंय. रात्री तीन-चारपर्यंत जागी, दुपारी बाराला उठते, जेवायला हाक मारली की अंगावर येते. खो-खो खेळायची, आता ते बूट पण कुठं पडलेत माहीत नाही. केस विंचरत नाही. सगळं त्या मोबाईलमुळं म्हणून जुलैच्या शेवटी तो काढून घेतला, तर आता बोलणंच बंद झालंय. परवा भांडी घासताना म्हणाली, मी नसते तर या घरात बरं झालं असतं. जावेचा मुलगा तिच्याच वर्गात, त्याला ७४ पडले, पण तो मस्त आहे, हसतोय खेळतोय. एकाच घरातली एकाच वयाची दोन मुलं, मग हिलाच का? एप्रिलमध्ये आमच्या घरात सगळ्यांना कोरोना झाला, पहिली ही पॉझिटिव्ह आली, मग आम्ही, सासरे त्यातच गेले. सासूबाई अजून सावरल्या नाहीत, कुणाकुणाला दोष देत बसतात. मला पण रात्री झोप नाही, पण माझं जाऊ दे. माझं कुठं चुकलं तेवढं सांगा.
एक आई

ताई, बाकी सगळं नंतर. आधी ते भांडी घासतानाचं वाक्य.

"मी नसते तर बरं झालं असतं" हे आपल्याकडे रागात कुणीही बोलून जातं, मी पण बोललेय, तुम्ही पण बोलला असाल, त्यामुळे आपण ते कानाआड करतो. पण तुम्ही जे बाकीचं लिहिलंय ना, झोप, जेवण, केस, खो-खोचे बूट, ते सगळं मे पासून, म्हणजे जवळजवळ चार महिने, त्याच्या शेजारी हे वाक्य ठेवलं की ते रागातलं आहे असं धरून मला चालायचं नाही आणि तुम्ही पण धरू नका. आज रात्री सगळी झोपली की तिच्या शेजारी जाऊन बसा, लाइट बंद असली तरी चालेल, अंधारात उलट बरं पडतं, आणि सरळ विचारा, "परवा तू असं म्हणालीस, तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का गं?" हो, याच शब्दांत, आडून आडून नको. विचारलं की नसलेलं डोक्यात शिरेल अशी सगळ्याच आयांना भीती वाटते, पण तसं होत नाही, यावर भरपूर अभ्यास झालेत आणि त्यांतून हेच दिसतं की विचारल्यानं धोका वाढत नाही, उलट बरेचदा मूल मोकळं होतं.

"हो" म्हणाली तर शपथ घालू नका, "आम्ही काय कमी केलं तुला" नको, तुमचं रडू आवरणार नाही ते ठीक आहे पण तिला तुमची समजूत काढायला लावू नका. "सांगितलंस ते बरं केलंस, आता आपण दोघी मिळून बघू" एवढंच. मग त्या रात्री तिला एकटं झोपवायचं नाही, घरातल्या सगळ्या गोळ्या (कोरोनानंतर प्रत्येक घरात औषधाचं दुकान झालंय, सासूबाईंचं काही चालू असेल तर ते पण) आणि घरात-मागावर जे काही विषारी असेल ते कुलपात, किल्ली तुमच्या कमरेला, आणि सकाळी उठून डॉक्टर. "नाही" म्हणाली तरी डॉक्टर याच आठवड्यात, फक्त रात्रीतून पळापळ करायची नाही एवढाच फरक. मध्येच कधी गडबड वाटली तर हेल्पलाइन आहे, केंद्र सरकारची (२०२१ साली किरण होती, आता टेली-मानस, १४४१६), चोवीस तास, पैसे लागत नाहीत, आणि मुलांसाठी १०९८ तर आहेच. पण ती काही करून घेईल असं त्या क्षणी वाटलं तर फोन लावत बसू नका, गाडीत घाला आणि जवळच्या दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत न्या.

हे झालं. आता तुमचा प्रश्न, हिलाच का.

तुमच्या घरात माग आहेत म्हणून त्याच भाषेत सांगते, माझं काही चुकलं तर मिस्टरांना विचारा. बीमवर, म्हणजे ताण्याचे धागे गुंडाळलेल्या रुळावर, हजारो धागे असतात, ताण सगळ्यांना सारखाच, पण एक तुटतो. का तुटला? कधी त्यात आधीच गाठ असते, कधी सूत एका जागी बारीक असतं, कधी दमट हवा गेली की सुकं पडून तुटतं, आणि बरेचदा हे सगळं एकदम असतं. तुटलेल्या धाग्याला कुणी विचारत नाही की शेजारचा बरा आहे मग तुला काय धाड भरली. पोरांना मात्र आपण रोज विचारतो. डिप्रेशनचं एक कारण शोधायला गेलं की मोबाईल सापडतो, कारण तो हातात दिसतो. बाकीची कारणं एकावर एक रचलेली असतात, ती दिसत नाहीत, आणि महासाथीनं केलं काय तर एकेका मुलावर ती एकाच वेळी आणून ओतली, वर त्यांना धरून ठेवणाऱ्या ज्या गोष्टी होत्या, शाळा, ग्राउंड, मैत्रिणी, त्याच नेमक्या काढून घेतल्या.

आणि हिलाच कुठं? याच महिन्यात जामा पेडियाट्रिक्स नावाच्या मासिकात एक मोठा आढावा आलाय, जगभरातले २९ अभ्यास, मिळून ८०,८७९ मुलं. त्यात कोरोनाकाळात साधारण चारातल्या एका मुलात डिप्रेशनची लक्षणं सापडली आणि पाचातल्या एकात चिंतेची, आधीच्या अंदाजांच्या दुप्पट. मुलींमध्ये जास्त, वयानं मोठ्या मुलांमध्ये डिप्रेशन जास्त, आणि साथ जसजशी लांबली तसतसे आकडे वाढलेले. हे आकडे प्रश्नावलीतल्या लक्षणांचे आहेत बरं का, दर चौथं मूल आजारी असं डॉक्टरनं तपासून सांगितलेलं नाही, पण वारा कुठल्या दिशेनं वाहतोय ते कळतं. चीनमध्ये गेल्या वर्षी मार्चमध्येच १२ ते १८ वयाच्या आठ हजारांवर मुलांना विचारलं होतं, तिथंही मुली आणि वरच्या वर्गातली मुलं जास्त अडचणीत होती, आणि ज्यांना आजाराबद्दल नीट माहिती होती ती जरा कमी. ही माहितीची गोष्ट लक्षात ठेवा, खाली तिचं काम आहे. आपल्याकडे निम्हान्सनं, म्हणजे बंगळूरच्या मानसिक आरोग्य संस्थेनं, २०१५-१६ साली राष्ट्रीय सर्व्हे केला होता, त्यात १३ ते १७ वयातल्या ७.३ टक्के मुलांना काही ना काही मानसिक आजार होता, तो पण मोजक्या राज्यांतला, त्यात महाराष्ट्र नव्हताच, आणि तेव्हा कोरोना पण नव्हता.

आता तुमच्या मुलीवर काय काय रचलं गेलं ते बघू, तुमच्याच पत्रातून. ७८ टक्क्यांपासून सुरू करते कारण घरातल्या मोठ्यांना ते "मार्कांचं काय एवढं" वाटतं.

यंदाचा निकाल कसा लावला माहीत आहे ना? परीक्षा २० एप्रिलला रद्द झाली, मग शंभरातले ५० मार्क नववीच्या निकालावरून, ३० दहावीच्या वर्षभरातल्या लेखी कामावरून आणि २० तोंडी-प्रात्यक्षिकाचे. बरं, या मुलांची नववी कुठली? २०१९-२०. तेव्हा मार्चमध्ये लॉकडाउन लागला आणि नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षा झालीच नाही, पहिल्या सत्रावर वर ढकललं. आणि तुमच्याकडं २०१९ च्या पहिल्या सत्रात काय होतं? महापूर. ऑगस्ट २०१९, पंचगंगा गावात शिरलेली, शाळांमध्ये पूरग्रस्त राहत होते. तुमच्या घरात पाणी आलं होतं की नाही ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण त्या वर्षीच्या सहामाहीला इचलकरंजीतल्या किती मुलांनी धड अभ्यास केला असेल? म्हणजे बघा, तेरा-चौदा वर्षांची असताना पुरात गेलेल्या सहामाहीचे मार्क हिच्या दहावीच्या निकालात येऊन बसले आणि त्यात सुधारणा करायची एकही संधी तिला मिळाली नाही. मग १६ जुलैला निकाल, बोर्डाची साइट तासन्‌तास बंद, आणि राज्याचा निकाल ९९.९५ टक्के! जिथं सगळेच पास तिथं पासचं कौतुक कुणाला, पेढे पण लाजत वाटले लोकांनी. तरी पोरांनी धीर धरला की अकरावीची सीईटी आहे २१ ऑगस्टला, तिथं दाखवू, आणि १० तारखेला मुंबई हायकोर्टानं सीईटीच रद्द केली. कोर्टाचं कारण बरोबर असेल, मी वाद घालत नाही, मुलांचं लसीकरण नाही, परीक्षेला गर्दी होणार. पण मेहनत केली की फळ मिळतं हे आपण या पोरीला दहा वर्षं सांगत आलो आणि दोन वर्षांत तीनदा तिच्या हातातून ती मेहनतच काढून घेतली. "माझ्या हातात काहीच नाही" ही जी भावना आहे ना, ती डिप्रेशनचं मोठं खाद्य आहे, आळस म्हणून जे तुम्हाला दिसतंय त्यातला बराचसा भाग तो असतो.

मग तुमचा पुतण्या मस्त कसा, त्याला तर ७४? एक म्हणजे त्याची अपेक्षा किती होती ते बघा, ७० ची असेल तर त्याला लॉटरीच लागली. दुसरं जरा बोचेल. लॉकडाउनमध्ये तो दिवसभर कुठं होता आणि ती कुठं होती? तो कट्ट्यावर जात असणार, पोलीस दिसले की पळत असणार, गाडी घेऊन दूध आणायला म्हणून तास-तास बाहेर. शाळा बंद पडली म्हणून त्याची मित्रमंडळी बंद पडली नाहीत. हिची शाळा बंद म्हणजे सगळंच बंद, ग्राउंड पण, मैत्रिणी पण, आणि उरलेल्या वेळात धुणी-भांडी, कारण मुलगी घरी आहेच. तुमच्या पत्रात ती भांडी घासतेय आणि तो हसतोय खेळतोय, हे तुम्ही सहज लिहिलंत. वयात आल्यापासून मुलींमध्ये डिप्रेशन मुलांपेक्षा जास्त दिसतं हे साथीच्या आधीपासून माहीत आहे, त्यात शरीरातल्या बदलांचा वाटा आहे, पण "मुली नाजूक असतात" म्हणून विषय संपवू नका. आणि पुतण्यावर पण एक डोळा असू द्या. मुलगे रडत नाहीत, आदळआपट करतात नाहीतर जास्तच हसतात, आणि आजोबा त्याचे पण गेलेत.

आता आजोबा.

हे लिहायला मला अर्धा दिवस लागला, म्हणून जरा सावकाश वाचा. तुमच्या पत्रात तीन गोष्टी एकापाठोपाठ आहेत. पहिली ही पॉझिटिव्ह आली. सासरे त्यातच गेले. सासूबाई कुणाकुणाला दोष देतात. कुणाकुणाला म्हणजे कुणाला, ताई? मला तुमच्या घरातलं माहीत नाही, मी अंदाज करतेय, पण सासूबाई शोकात एखाद्या दिवशी "पोरीनं घरात आणलं" असं म्हणाल्या असतील आणि ते तिच्या कानावर गेलं असेल, किंवा कुणी काही न बोलताच तिनं स्वतः हिशोब लावला असेल, तर "मी नसते तर या घरात बरं झालं असतं" या वाक्याचा अर्थ काय होतो ते बघा. "या घरात" हे शब्द तुम्हीच लिहिलेत. आणि सगळं मे पासून सुरू झालं, सासरे गेल्यावर.

तिच्याशी हे बोलायला लागेल. आणि इथं माहिती उपयोगी पडते, नुसतं "तुझा दोष नाही गं" म्हणून सोळा वर्षांच्या हुशार मुलीचं समाधान होत नाही. तिला सांगा, घरात पहिला रिपोर्ट जिचा पॉझिटिव्ह आला तिनंच आणला असं नसतं. लक्षणं दिसायला दोन दिवसांपासून चौदा दिवसांपर्यंत लागू शकतात, काहींना दिसतच नाहीत, त्यामुळे ज्याला आधी झाला त्याला त्रासच झाला नाही आणि हिला ताप आला म्हणून टेस्ट झाली असं सहज होतं. एप्रिलमध्ये मिस्टर सूत आणायला, कापड पोचवायला जात होते, दीर जात होते, दूधवाला येत होता, दारावर कोण कोण येऊन गेलं. दुसरी लाट होती ती, घरच्या घरं पॉझिटिव्ह येत होती, विषाणू कुणाबरोबर घरात आला हे कुणीच सांगू शकत नाही. आणि समजा तिच्याकडूनच आला असता तरी, ताई, श्वास घेणं हा गुन्हा नाही. हे तिच्या वडिलांनी तिला सांगितलं तर जास्त लागू पडेल, कारण गेले ते त्यांचे वडील.

सासूबाईंना मी दोष देत नाही. चाळीस-पन्नास वर्षांचा संसार आणि शेवटी तोंड पण बघायला मिळालं नाही, प्लास्टिकमध्ये गुंडाळून परस्पर नेलं, दहाव्याला चार माणसं, तेराव्याला तेवढी पण नाहीत. आपल्याकडं माणूस गेलं की घर भरतं, बायका गळ्यात पडून रडतात, शेजारची पिठलं-भात आणून देते, कंटाळा येईपर्यंत लोक येत राहतात, आणि त्यानंच माणूस सावरतं. या वर्षी ते झालंच नाही, म्हणून रडणं आत राहिलं आणि दोष बाहेर आला. महिनाभरात पितृपक्ष येतोय, पहिलं वर्ष आहे म्हणजे तुम्ही भरणी कराल. त्या दिवशीच्या पानावर आजोबांच्या आवडीचं काय वाढायचं ते तिला ठरवू द्या, करू पण द्या, आजीच्या शेजारी बसून. तोपर्यंत मिस्टरांनी आईला बाजूला घेऊन एकदा स्पष्ट सांगितलं पाहिजे की हा विषय पोरीसमोर परत निघता कामा नये. हे काम तुम्ही करू नका, सुनेनं सांगितलं की त्याचं वेगळंच होतं, तुम्हाला मी सांगायला नको.

मोबाईल. तो आजच परत करा. मी पण हेच केलंय बरं का, गेल्या वर्षी भाचा माझ्याकडं राहायला होता, रात्री दोनला गेम खेळताना सापडला, घेतला काढून आणि मोठ्या रुबाबात कपाटात ठेवला. चार दिवसांनी कळलं की तो गेम त्याच्या शाळेतली पाच पोरं मिळून खेळायची आणि त्यातल्या एकाचे वडील आयसीयूत होते, हे सगळे त्याला जागवत होते. तुमच्या मुलीची शाळा मार्च २०२० मध्ये जी बंद झाली ती नोव्हेंबरनंतर नववी-दहावीसाठी कुठं उघडली, कुठं नाही, मग परत बंद. दीड वर्षं तिचा सगळा वर्ग त्या सहा इंचांत होता. रडायला, चिडवायला, "तुला किती पडले" विचारायला तेवढीच जागा, आणि जुलैच्या शेवटी, निकाल लागून दोन आठवडे झालेले, ती पण गेली. चुकलात असं म्हणत नाही, रात्रभर स्क्रीन बघणं वाईटच, त्यात ज्यांना नव्वद पडले त्यांचे स्टेटस बघत पडणं तर फारच वाईट. पण जागरणानं मन बिघडतं तसं मन बिघडल्यानं पण जागरण होतं, आणि झोप नाही म्हणून मोबाईल हातात येतो, हे आपण उलटं धरतो. फोन देताना एकच अट, रात्री अकराला सगळ्यांचे फोन, सगळ्यांचे म्हणजे मिस्टरांचा पण, स्वयंपाकघरात चार्जिंगला. फक्त तिचाच घेतला तर ती शिक्षा होते.

झोपेचं घड्याळ या वयात मुळातच थोडं पुढं सरकलेलं असतं, त्याला तिचा नाइलाज आहे, पण चार वाजेपर्यंत जाण्याला सकाळची शाळा नसणं हे पण एक कारण. रात्री लवकर झोप म्हणून ती झोपणार नाही. सकाळी उठायची वेळ धरा, रोज अर्धा तास अलीकडं, आणि उठली की गच्चीत, उन्हात, चहा तिथंच द्या. तुमच्याबरोबर. खो-खो लगेच होणार नाही, "जा की ग्राउंडवर" म्हणू नका, बूट मात्र शोधून पुसून दाराशी ठेवून द्या आणि त्याबद्दल एक शब्द बोलू नका.

पैशाचं तुम्ही लिहिलं नाहीत पण आठ माग खर्चीवर म्हणजे लॉकडाउनमध्ये काय झालं असेल ते कळतं मला, माग बंद, कामगार गावाला, लाइट बिल चालूच, कर्जाचा हप्ता चालूच. घरातली कमाई थांबणं हे पण मुलांच्या डिप्रेशनमागं ठळकपणे सापडणारं कारण आहे, आणि ते बरेचदा वडिलांच्या आवाजाच्या रूपानं मुलांपर्यंत पोचतं. आपल्याला वाटतं पोरांना काय कळतं, पण तीन खोल्यांच्या घरात भिंतीला कान नसले तरी पोरांना असतात. तिला खरी परिस्थिती साध्या शब्दांत सांगा, अकरावीची फी भरायची सोय आहे की नाही ते पण सांगा. अंदाज करत पडून राहण्यापेक्षा खरं कळलेलं बरं.

डॉक्टर म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट. मी समुपदेशक आहे, मी औषध देत नाही, आणि मी इथं बसून तिला डिप्रेशन आहे असं शिक्कामोर्तब करू शकत नाही, पण दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ रोज उदास किंवा चिडकं असणं (या वयात उदासी चिडचिडीच्या कपड्यात येते), आवडीचं सुटणं, झोप-भूक बदलणं, आपण नको आहोत असं वाटणं, यातलं एवढं सगळं दिसलं की वाट बघायची नसते. तुमच्याकडं ओळखीचं कुणी नसेल तर कोल्हापूरला सीपीआरमध्ये (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात) मानसोपचार विभाग आहे, सरकारी आहे, खर्चाचं टेन्शन नको, ओपीडीच्या वेळा आधी फोन करून विचारा. सध्या बरेच डॉक्टर व्हिडिओ कॉलवर पण बघतात, गेल्या वर्षी मार्चमध्ये टेलिमेडिसिनचे नियम आल्यापासून ते रीतसर चालतं, पण पहिल्यांदा समोरासमोर भेटलेलं मला बरं वाटतं, आणि तिनं ते वाक्य बोललंय म्हणून तर नक्कीच. जाताना लोकांना काय सांगायचं ही चिंता असेल तर कोरोनानंतरची तपासणी म्हणा, ते काही खोटं नाही, डॉक्टर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासायला सांगतीलच, कोरोनानंतरचा थकवा त्यात मिसळलाय का ते पण बघतील. डॉक्टर तिच्याशी एकटीशी बोलतील, तेव्हा तुम्ही बाहेर बसा, दाराला कान लावू नका. त्यांनी बोलण्याची थेरपी सांगितली तर चार-सहा बैठकांत सोडू नका. गोळ्या दिल्या तर परिणाम दिसायला दोन-चार आठवडे लागतात, सुरुवातीच्या आठवड्यांत तिच्याकडं जास्त लक्ष ठेवायचं, अस्वस्थ वाटली तर लगेच डॉक्टरांना फोन, आणि बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायच्या नाहीत. झोपेच्या गोळ्यांसारखी सवय लागेल म्हणून शेजारीण सांगेल, तिला चहा पाजा आणि सोडून द्या. जवळच्या नात्यात कुणाला असा त्रास होता का, कुणी "वेड्यासारखं" करायचं, कुणी गप्प गप्प राहून गेलं, ते आधी आठवून ठेवा, डॉक्टर विचारतील आणि ते खरं सांगायचं, सासर-माहेर दोन्हीकडचं.

आता माहेरचंच निघालं म्हणून. तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात तुमच्याबद्दल एकच ओळ आहे, मला पण रात्री झोप नाही, पण माझं जाऊ दे. नाही जाऊ देत मी. सासरे गेले, तुम्ही स्वतः कोरोनातून उठलात, उठल्या दिवशी स्वयंपाक केला असेल, घरात पाच-सात माणसांचं करताय, धंदा बसलाय, पोरगी बोलत नाही, आणि तुम्ही विचारताय माझं कुठं चुकलं. आईला डिप्रेशन असेल तर मुलाला होण्याची शक्यता वाढते हे जगभर सापडलेलं आहे, पण हे मी तुमच्यावर आणखी एक खापर फोडायला सांगत नाहीये, उलटं आहे ते, आईला उपचारानं बरं वाटलं की पोरांची लक्षणं पण कमी होतात असं पण अभ्यासांत सापडलंय. म्हणून सीपीआरला जाल तेव्हा केसपेपर दोन काढा. एक तिचा, एक तुमचा. तिला पण सांगा की मला पण झोप येत नाही गं, मी पण दाखवणार आहे. घरात आपण एकटीच बिघडलेली आहोत असं जे तिला वाटतंय ना, त्यातलं अर्धं त्या दोन केसपेपरांनी जाईल.

गणपती दोन आठवड्यांवर आलेत. यंदा तुमच्याकडं कसं करणार माहीत नाही, पण कुणीही पाहुणं आलं, फोनवर मामा-मावशी आली, तरी तिच्यासमोर ७८ हा आकडा कुणी काढायचा नाही, आणि ७४ तर अजिबात नाही, हे घरात सगळ्यांना आजच सांगून ठेवा.

डॉक्टरकडं जाऊन आलात की दोन ओळी कळवा. आणि त्यातली एक तुमच्या झोपेबद्दल लिहा.